लालागुड्याचा मुऱ्हाळी

वाशीम, ३ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. पंचफुला,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच. नऊ वर्षं जिचं तोंड पाहिलं नाही त्या बहिणीला आशीर्वाद देण्याचा हक्क माझ्याकडे उरला आहे का, हे ठरेना. नवा कागद घ्यावा असं वाटलं, पण मग खोडलेलं लपवल्यासारखं झालं असतं. म्हणून राहू दिलं.

पत्राचं कारण साधं आहे. शाळेला दिवाळीची सुटी लागते आहे. परवा मी आणि तुझी वहिनी मोटारीनं हिंगोलीला आणि तिथून आगगाडीनं हैदराबादला निघतो. शहर पाहायला. चारमिनार, गोवळकोंडा, हुसेनसागर. दुसरा हेतू नाही.

(वरचं वाक्य पुन्हा वाचलं. तूर्त असू दे.)

सोबतीला आपला मुनाफभाई मणियार आहे. तो दर दिवाळीआधी लाड बाजारात बांगड्यांचा माल भरायला जातोच. त्यानं गोजराच्या डोक्यात हैदराबाद भरवलं, आणि ती तीन महिने मला एकच विचारते आहे : “तुमी कालेजात शिकले, पन मले वाशीमच्या पुढं काय दाखवलं?” मी म्हटलं, अकोला. ती म्हणाली, “तिथं तं आत्याबाईचे डोळे दाखवाले गेलो होतो.”

हे खरं आहे. उन्हाळ्यात आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू अकोल्यात काढले. रिठदला घरी परत आल्यापासून ती जाड भिंगांचा चष्मा लावून एकेकाला नव्यानं पाहते आहे. मला समोर बसवून म्हणाली, “उकंड, तू एवढा म्हातारा कवा झाला रे? मी तं तुले पोरगाच समजून राह्यली होती.” गोजराला म्हणाली, “तू मातर आवाजापेक्षा बरी दिसतं.” गल्लीतल्या सगळ्यांची अशी पाहणी झाली. मागच्या आठवड्यात चष्मा पुसत म्हणाली, “सारे पाहून झाले. एक राह्यली.”

तुला फक्त कळवतो आहे.

आमचा मुक्काम अफजलगंजला, पुलाजवळच्या धर्मशाळेत असेल. जावईपाहुण्यांना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना नमस्कार. तुझ्या दोन्ही पोरांना मी पाहिलेलं नाही. त्यांना काय लिहावं ते सुचत नाही.

उकंड

हैदराबाद, ६ नोव्हेंबर १९३६

पंचफुला,

आज सकाळी काचीगुड्याला उतरलो. पुलाजवळची धर्मशाळा, वरच्या मजल्यावर सातवी खोली. जिना उजव्या हाताला आहे.

पाहुण्यांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळं तू या शहरात सहा वर्षं राहते आहेस, तेव्हा तुला त्याचं वर्णन करणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवणं. पण गोजरानं ते कसं पाहिलं, ते तू पाहिलेलं नाहीस. टांग्यातून पत्थरगट्टीत शिरलो आणि कमानींच्या पलीकडे चारमिनार उभा राहिला. मी त्याची उंची, बांधकामाचं साल, सगळं सांगायला सुरुवात केली. तिनं पदर सावरत वर पाहिलं आणि म्हणाली, “चारी बाजूले घड्याळी. आपल्या शाळेत एकच हाय, थेही बंद.” शाळेचं घड्याळ जुलैपासून माझ्याच दिरंगाईनं बंद आहे. मी साल सांगायचं थांबलो.

लाड बाजार हा मी समजत होतो तसा बाजार नव्हे. तो उजेडाचा बोळ आहे. लाखेच्या, खड्यांच्या बांगड्या दोन्ही बाजूंना रचलेल्या. मुनाफभाई दुकानदाराशी भांडत असताना तुझी वहिनी दोन्ही हात पुढे करून बसली. दुकानदार म्हणाला, “बेगम साब, कलाई नाजूक है.” ती मुनाफला म्हणाली, “हा काय म्हंते?” मुनाफ म्हणाला, “म्हंते, भाव वाढवतो.” गोजरा एवढी हसली की दुकानदाराच्या हातातली बांगडी फुटली आणि तिचे पैसे आम्ही दिले.

दुपारी इराण्याच्या हॉटेलात गेलो. सोबत बायका असल्या तर कुटुंबासाठी पडद्याआड वेगळी खोली असते. संगमरवरी टेबल, मध्ये दाट चहा. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं बाहेर एका टेबलाशी कधी बसलो नव्हतो. वाशीमला ते शक्यही नाही. हेडमास्तर बायकोबरोबर हॉटेलात बसला, ही बातमी आमच्याआधी घरी पोहोचली असती. गोजरानं तीन कप घेतले. बिस्किट चहात बुडवावं की नाही यावर आमचा वाद झाला, आणि तिचं बिस्किट कपात तुटल्यानं माझा पक्ष जिंकला. संध्याकाळी हुसेनसागराच्या बांधावर वारा खात बसलो. पाण्यापलीकडे सिकंदराबाद दिसत होतं. मुनाफभाई बोट दाखवून म्हणाला, “थे तिकडं लालागुडा. रेल्वेचा कारखाना.” मी म्हटलं, हो का.

मला माहीत होतं. मी नकाशा पाहून आलो आहे.

हे पत्र आताच पेटीत टाकतो. निजामी डाकेचं तिकीट आहे. उद्या तुला मिळेल असं धर्मशाळेचा मुनीम म्हणाला. तुला यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर माझा आग्रह नाही. वरचा मजला, सातवी खोली, जिना उजव्या हाताला. पत्ता केवळ माहितीसाठी.

उकंड

हैदराबाद, ७ नोव्हेंबर १९३६

पंचफुला,

आज तुझं उत्तर आलं नाही. एवढ्यात येणं शक्यही नव्हतं; तरी गोवळकोंड्याहून आल्यावर मुनीमाला दोनदा विचारलं.

गोवळकोंड्याला खालच्या दरवाजात टाळी वाजवली की पार वर बालाहिसारावर ऐकू येते. मी वर जाऊन ऐकायचं आणि गोजरानं खालून वाजवायची असं ठरलं. साडेतीनशेवर पायऱ्या आहेत. वर पोहोचलो तेव्हा ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो. माझाच श्वास मोठा होता. मग टाळी आली. अगदी कानाशी. मी खूश झालो. दुसरी आली, तिसरी आली. मग थांबेचनात. खाली काही घडलं की काय म्हणून धावत उतरलो, तर ती दरवाजाखाली उभी राहून टाळ्या पिटते आहे आणि सात-आठ अनोळखी माणसं कौतुकानं पाहताहेत.

“काहून वाजवून राह्यली?”

“तुमी काई बोललेच नाई वरतून. मले वाटलं, ऐकू नाई आलं.”

“मी वरून बोललेलं खाली ऐकू येत नाही.”

“मंग तुमी खाली याले पाह्यजे होतं ना,” असं म्हणून तिनं सीताफळ फोडलं.

आम्ही किल्ल्याच्या भिंतीला टेकून टोपलीभर सीताफळं खाल्ली. मुनाफभाई बिया कोण लांब थुंकतो याची पैज लावू म्हणाला. हेडमास्तरनं असलं काही करू नये. मी दुसरा आलो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. सत्तावीस सालच्या दिवाळीची माझी रोजनिशी मी सोबत आणली आहे. तुझं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि तू हिंगोलीजवळ सासरी होतीस. पहिल्या दिवाळीला भावानं मुऱ्हाळी जायचं, सासूची परवानगी मागायची, एक रात्र तिथं राहायचं आणि बहिणीला घेऊन यायचं, हे आपल्याकडं पोरालाही ठाऊक असतं. मी गेलो नाही. मी कार्ड पाठवलं. त्यातला मजकूर मला पाठ आहे : “स्त्री ही काही गाठोडे नव्हे की कोणी उचलून न्यावे. तू सुजाण आहेस. स्वतःच्या पायांनी, सोयीने माहेरी ये.”

कॉलेजात असताना या विषयावर माझं भाषण झालं होतं. बक्षीसही मिळालं होतं.

ते कार्ड पोस्टमननं तुझ्या सासूबाईंच्या सांगण्यावरून ओट्यावर मोठ्यानं वाचलं, चार बायका जमलेल्या होत्या, तू पेटी बांधून आत उभी होतीस, आणि कोणी तरी म्हणालं की हिच्या माहेरी माणूस उरला नाही वाटतं, कागदच उरला. हे मला पुढं मुनाफभाईनं सांगितलं. त्यानंतर तू आली नाहीस. पहिलं बाळंतपणसुद्धा तू सासरीच करून घेतलंस.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझं तत्त्व बरोबर होतं, फक्त ते कळण्याइतके लोक तयार नव्हते. आज रोजनिशीत त्या तारखेचं पान काढलं. तिथं तत्त्वाचा एक शब्द नाही. तिथं लिहिलं आहे : “तपासणीचे कागद बाकी. सर्दी. हिंगोलीचा रस्ता खराब आहे म्हणतात. कार्ड टाकले. बरे वाटले.”

पंचफुला, मला बरं वाटलं होतं.

त्यानंतर दर दिवाळीला तुला पत्र पाठवलं, त्यातलं एकही स्वतः घेऊन तुझ्या दारी आलो नाही. आणि आता इथं तीन कोसांवर येऊनही बोलावणं आल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवू नये असं वाटतं. हा संकोच आहे, की सर्दीच्या जातीचीच सबब आहे, ते मला ठरवता येत नाही.

या वर्षी चल. आई पाहते आहे तोवर चल. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

उकंड

हैदराबाद, ८ नोव्हेंबर १९३६

पंचफुला,

आज मुनाफभाईच्या बहिणीकडं, अमीनाबींकडं जेवायला गेलो. शाहअलीबंड्यात त्यांचं घर आहे. बगारे बैंगन, आंबट डाळ, पातळ रुमालासारख्या पोळ्या आणि शेवटी खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं, गोड, वर साय. गोजरा आधी अवघडून बसली होती. वांग्याचा पहिला घास घेतला आणि उठून सरळ चुलीपाशी गेली. तीळ किती, शेंगदाणा किती, चिंच कधी. मग त्या दोघींना आमची गरज राहिली नाही.

मुनाफभाई आल्या आल्या पायताण काढून बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरला, झाकणं उघडून पाहिली आणि पाठीवर फटका खाऊन बाहेर आला. दर वर्षी तो असाच येतो. आधी कळवत नाही.

जेवताना अमीनाबींनी विचारलं, “मास्टर साब, आपकी बहन भी यहींच है बोल के सुनी. मिल को आए?”

मी म्हटलं, पत्र टाकलं आहे, उत्तराची वाट पाहतो आहे.

त्यांना आधी कळलंच नाही. मुनाफनं समजावल्यावर त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. “शहर में आ को, बहन को टपाल डाल रै? पाँवां को क्या हुआ?”

मी सभ्यतेविषयी काहीतरी बोललो. तिला नको असताना जाणं बरं नव्हे, वगैरे. अमीनाबी शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “ये भाई मेरे पास आता ना, मैं चार गालियां देती. घर में आए बगैर कैसा देना मैं?”

गोजरा खाली मान घालून खुबानी खात होती. तिचे खांदे हलत होते.

तेव्हा मुनाफभाईनं खाकरून एक गोष्ट कबूल केली. आज सकाळी तो लालागुड्याला जाऊन आला होता. वाशीमकडच्या ज्या लेकी इथं दिल्या आहेत त्यांच्या हातात माहेरच्या बांगड्या भरणं ही त्याची रीतच आहे. बांगडी हैदराबादची, हात हैदराबादचा, फक्त भरणारा वाशीमचा, असं तो म्हणतो. तुझ्या बांगड्यांचे पैसे गोजरानं त्याला वाशीमलाच दिले होते. मला माहीत नव्हतं.

“मंग? काय म्हणाली?”

“बांगड्या भरल्या. चा पाजला. आईच्या डोळ्याचं इचारलं.”

“आणि माझं?”

मुनाफनं आधी गोजराकडं पाहिलं. “म्हने, पत्रं भेटले. म्हने, दादाचं अक्षर अजून चांगलं हाय.”

मग अमीनाबी हसायला लागल्या आणि त्यांच्यामागून गोजरा. मुनाफ हसावं की नाही या विचारात असताना मलाच हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसलो. चव्वेचाळीस वर्षांचा, बी. ए. झालेला माणूस, तीन कोसांवरच्या बहिणीला रोज एक पत्र टाकून आपण फार मोठी माफी मागतो आहोत असं समजत होतो. जे एकदा केलं तेच पुन्हा, फक्त या वेळी तिकीट निजामाचं.

जिन्यातून उतरताना गोजरा म्हणाली, “उद्या मी बाग-ए-आममधले पिंजऱ्यातले वाघ पाहून येतो मुनाफभाईसंग. तुमी तुमचं पाहा.”

“तू येत नाहीस?”

“मुऱ्हाळी बायको घेऊन जाते का कुठं?”

हे पत्र पेटीत टाकत नाही. ते माझ्याबरोबरच येईल.

उकंड

पूर्णा ते हिंगोली, गाडीत, ११ नोव्हेंबर १९३६

पंचफुला,

तू समोरच्या बाकावर बसली आहेस. तुझी धाकटी गोजराच्या मांडीवर झोपली आहे आणि थोरली खिडकीतून डोकं बाहेर काढू नये म्हणून तू तिचा परकर धरून ठेवला आहेस. मी काय लिहितो आहे असं तू दोनदा विचारलंस. मी शाळेचं काम म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. परवाचं लिहून ठेवतो आहे. तू तिथं होतीस. पण दाराच्या बाहेरून ते कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही.

लालागुड्याच्या त्या सारख्या दिसणाऱ्या चाळींपुढून मी दोन फेऱ्या मारल्या. घर सापडत नव्हतं असं मी तुला म्हणालो. घर पहिल्याच फेरीत सापडलं होतं; ओट्यावर तुझ्या सासूबाई, कमलीबाई, गहू निवडत होत्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या सुपावरची नजर न उचलता म्हणाल्या, “काहो, तपासनीस हाय का तुमी? आत या, नाई तं पुढं जा. गव्हावर सावली पडून राह्यली.”

मी पायताण काढलं. धर्मशाळेतून निघताना पाठ केलेली वाक्यं तीन होती. त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, “मी उकंड. रिठदचा. पंचफुलाचा भाऊ. मुऱ्हाळी आलो.”

कमलीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. “नऊ वर्सं लागले वाट सापडाले?”

“हो.”

“कार्डावर तं लई लिवलं होतं.”

“ते चुकलं.”

“आता काय म्हनता?”

“बाईला न्यायला आलो. दिवाळीला. पाठवता का?”

तू तेव्हा दारात उभी होतीस. कधी आलीस ते कळलं नाही. मला वाटलं होतं तू रडशील, किंवा मी. तू आपल्या सासूला म्हणालीस, “आत्या, हे कोन हायेत? मी नाई ओळखत. आमच्या दादाची टोपी काळी होती.” आणि कमलीबाई म्हणाल्या, “अवं, टोपी बदलली असन. पानी तं दे. भाऊ नसन तरी मानूस हाय.”

तुम्ही दोघी एका बाजूला आहात, हे मला तेव्हा कळलं. नऊ वर्षं मी मनात एक दुष्ट सासू बाळगली होती. तिच्यामुळं माझा अपराध दोघांत वाटला जायचा.

तू गूळ आणि पाणी आणलंस. मी पाणी प्यालो आणि मग तुझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय म्हणालीस ते इथं लिहीत नाही. तुला पाठ आहे आणि मलाही झालं आहे. चाळीतल्या बायका दारात आल्या. कमलीबाई मधून मधून “अजून एक राह्यलं, थे सांग” असं सुचवत होत्या. अमीनाबी म्हणाल्या होत्या ते खरं होतं. घरात आल्याशिवाय हे मिळत नाही. मी ओट्यावर मांडी घालून सगळं घेतलं. खूप वर्षांनी इतका सुखात बसलो होतो.

मग मी परतीची गाडी त्याच दिवशी संध्याकाळची आहे असं म्हणालो, तेव्हा कमलीबाईंनी सूप पुन्हा पुढं ओढलं. “मुऱ्हाळी मुक्काम करते. जेवते. सकाळी इचारते, मंग आमी सांगतो. शिकले तुमी, पन कोनी हे शिकवलं नाई?”

तो मुक्काम तुला माहीतच आहे. पाहुणे कारखान्यातून आले, त्यांनी मला इंजिनाचं चाक कसं बसवतात ते ताटातल्या भाकरीवर दाखवलं. माणूस पाठवून गोजराला आणि मुनाफला बोलावून घेतलं, तेव्हा गोजरा आल्या आल्या वाघाचं सांगत सुटली आणि तुम्ही दोघी गळ्यात पडलात तेही वाघाच्या मध्येच. सकाळी मी रीतीप्रमाणं पुन्हा विचारलं. कमलीबाईंनी तुझ्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, “भाऊबीज झाली का आनून सोडजा. कार्ड नोका पाठवू.”

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. गाठोड्याचं ते तत्त्व मला आजही चूक वाटत नाही. बाईनं एकटीनं प्रवास करावा, तिला कोणी न्यायची गरज पडू नये, हे मी उद्याही वर्गात सांगेन. पण न्यायला जाणं आणि भेटायला जाणं या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. मी त्या कार्डात तुला मोकळं केलं नव्हतं, स्वतःलाच केलं होतं. हे तुला तोंडानं सांगायचं आहे, आणि तू समोर बसली असूनही मी ते लिहितो आहे. सवय एका मुक्कामात जात नाही. आई पहिल्यांदा तुझ्याकडं पाहील तेव्हा मी कुठं उभा राहावं हेही मला कळत नाही, कारण

दादा, शाळेचं काम मी तुझ्या हातातून ओढून घेतलं अन सारं वाचलं. कार्डाचं बरोबर लिवलं हाय. आता घरी जाऊन मले तोंडानं सांगजो, आईसमोर, मी आइकीन. तिच्या बाजूलेच उभा राह्य, अजून कुठं राहशीन. हिंगोली आली. कागद ठेव अन पेटी उचल.

पंचफुला